कुलूप वेळ विकत घेतं
मोटरहोम चोरीला गेलं तर गाडीबरोबर घरही जातं. म्हणून तिच्यासाठी साधनं निवडताना मला कुलपांचा इतिहास आठवतो. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल्-जझरी यांनी १२०६ च्या आपल्या यंत्रग्रंथात चार तबकड्यांचं अक्षरकुलूप खुलेपणाने समजावून सांगितलं. रचना कळूनही चोराला अक्षरांची जुळणी शोधत बसावं लागे. लंडनचं ब्रामा कुलूप अभेद्य मानलं जाई. १८५१ मध्ये अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्ज यांनी तेही उघडलं, पण सुमारे ५१ तास खर्चून!

तात्पर्य, प्रत्येक कुलूप उघडतं, प्रश्न वेळेचा. बाहेरून दिसणारा स्टिअरिंग लॉक, इंजिन रोखणारा इमोबिलायझर आणि लपवलेला ट्रॅकर, हे तिन्ही मी एकत्र निवडेन. रस्त्यावरच्या चोराकडे ५१ तास नसतात.