अंगात येणे आणि अठ्ठावीस प्रश्न

१) माणूस काय विसरला, हे त्यालाच विचारून कसे कळावे? स्मृती, जाणीव आणि ‘मी’पणाची भावना यांची सांगड सुटणे, याला मानसशास्त्र ‘डिसोसिएशन’, म्हणजे जाणिवेचे विघटन म्हणते. प्रौढांना प्रश्नावली देऊन ते मोजण्याचा इतिहास जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. पुणे परिसराच्या लोकजीवनात मात्र या अनुभवासाठी फार जुने शब्द आहेत. या दोन परंपरांची गाठ कुठे पडते आणि कुठे सुटते, त्याचा हा धागा.

२) आरंभ फ्रान्समध्ये. १८८९ साली पिएर जाने यांनी आपल्या प्रबंधात मांडले की जाणीव नेहमी एकसंध नसते. तिचा एखादा भाग तुटून स्वतंत्रपणे वागू लागतो. जाने यांचे साधन म्हणजे एकेका रुग्णाचे दीर्घ निरीक्षण. तिथे प्रश्नपत्रिका नव्हती, गुणांकनही नव्हते.

३) कागदावरच्या प्रश्नांनी मन चाचपण्याची रीत युद्धाने दिली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत, म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘हो–नाही’ उत्तरांचे ११६ प्रश्न रचले. तपासायची माणसे हजारो आणि डॉक्टर मोजके होते. चाचणी हाती येईतो युद्ध संपले. रीत मात्र रुजली.

४) विघटनापर्यंत ही रीत पोहोचण्याआधीचे एक गाजलेले प्रकरण महाराष्ट्रातले आहे. १९७४ च्या सुमारास नागपूरची एक मराठी स्त्री अधूनमधून बंगाली बोलू लागली. त्या काळात ती स्वतःला ‘शारदा’ म्हणवी आणि घरच्यांना ओळखत नसे. इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांना त्यात पुनर्जन्माची शक्यता दिसली. टीकाकारांनी तिच्या बंगालीच्या पूर्वपरिचयाकडे बोट दाखवले. पुरावा मुख्यतः मुलाखतींचा आणि साक्षीदारांचा होता.

५) १९८६ साली ईव्ह बर्नस्टीन (पुढे कार्लसन) आणि फ्रँक पुटनम यांनी ‘डिसोसिएटिव्ह एक्स्पिरिअन्सेस स्केल’ प्रसिद्ध केले. त्यात २८ प्रश्न आहेत. प्रत्येक अनुभव किती वेळा येतो, हे ० ते १०० मध्ये सांगायचे आणि २८ उत्तरांची सरासरी काढायची. चित्रपट वा टीव्ही पाहताना गढून भान हरपणे इथपासून आरशातला चेहरा परका वाटणे इथपर्यंत सारे त्यात येते.

६) विस्मृतीचा पेच या प्रश्नावलीने चातुर्याने सोडवला. ‘तुम्ही काय विसरता?’ असे ती विचारत नाही. न आठवणारी वस्तू आपल्याच सामानात सापडते का? आपल्या ज्या वागण्याची आठवण नाही, ते इतर सांगतात का? म्हणजे ती विसरण्याच्या खुणा विचारते. स्वतः दिलेल्या उत्तरातही साक्षीदार हवाच.

७) १९९३ साली हजाराहून अधिक रुग्णांवर ही प्रश्नावली पारखली गेली. सरासरी ३० च्या वर गेली, तर तज्ज्ञाने सविस्तर मुलाखत घ्यावी, असा संकेत रूढ झाला. ३० च्या पुढच्या अनेकांना बहुव्यक्तित्वाचा विकार नव्हताच. प्रश्नावली ही चाळणी आहे. ती निदान करत नाही. हा भेद जिथे विसरला जातो, तिथे आकडाच माणसाची ओळख होऊन बसतो.

८) आता महाराष्ट्राकडे. खंडोबाच्या जेजुरीत ‘अंगात येते’, ‘वारे येते’. दर्ग्यात ‘हाजिरी’ भरते. देव ‘अंगात येतो’, भूत मात्र ‘झपाटते’: पहिल्यात मान, दुसऱ्यात पीडा. हा फरक अभ्यासक जॉन स्टॅन्ली यांनी महाराष्ट्राच्या धर्मजीवनावरील १९८८ च्या एका ग्रंथात तपशिलाने नोंदवला. इंग्रजी प्रश्नावलीच्या २८ प्रश्नांत अंगात येण्याविषयी एकही प्रश्न नाही.

९) मानववंशशास्त्रज्ञ व्हीडा स्कुल्टान्स यांनी फलटणच्या महानुभाव मंदिरातील निरीक्षणे १९८७ साली प्रसिद्ध केली. मनोरुग्ण मुलगा वा पती यांना घेऊन आलेल्या स्त्रिया स्वतःच भान हरपत. घरच्या माणसाची पीडा आपल्यावर यावी, अशी त्यांची याचना असे. लक्षण एकीचे होते, आजार दुसऱ्याचा होता आणि भार कुटुंबाचा होता.

१०) अशा स्त्रीपुढे प्रश्नावली ठेवली तर? नवरात्रातले अंगात येणे ती ‘विसरणे’ म्हणून मोजेल की ‘सेवा’ म्हणून? देवीचे बोलणे ‘माझे वागणे’ ठरते का? ‘किती टक्के वेळा’ याचे उत्तर शाळेची पायरी न चढलेल्या बाईने कसे द्यावे? केवळ शब्दांचे भाषांतर इथे पुरत नाही. कारण ‘अंगात येते’ या वाक्यात कर्ता ती स्वतः नसतेच.

११) वर्गीकरणालाही हे हळूहळू उमगले. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने तंद्री आणि संचार यांना स्वतंत्र स्थान दिले, पण अट घातली: अवस्था अनैच्छिक आणि नकोशी हवी, समाजमान्य धार्मिक प्रसंगाबाहेरची हवी. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतही हा विवेक कायम आहे.

१२) पुण्यात हा वाद पुस्तकी राहिला नाही. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडीच्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले आणि देशभर श्रद्धास्थानांवरील उपचारांवर रोख आला. पुण्यातील बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासह २००९ साली महाराष्ट्रातील दर्ग्यांकडे आघातातून सावरण्याच्या जागा म्हणून पाहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा काही दिवसांत वटहुकूम म्हणून आला. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून इतरांना भीती घालणे त्याने गुन्हा ठरवले. अंगात येणे हाच गुन्हा, असे तो म्हणत नाही.

१३) ढोंगी, देवी की रुग्ण? घुमणाऱ्या बाईवर आजवर या तिन्हींपैकी एक शिक्का पडत आला. तिचे स्वतःचे म्हणणे क्वचितच नोंदले गेले. प्रश्नावलीचे खरे मोल तिथे आहे. उत्तर देणारी व्यक्ती ती स्वतः असते. मात्र प्रश्न तिच्या भाषेत, तिच्या शब्दांच्या छटा जाणून विचारला गेला, तरच ते उत्तर तिचे ठरते. जाने यांच्या दीर्घ निरीक्षणाची जागा २८ प्रश्न घेऊ शकत नाहीत. ते फक्त कोणाशी सावकाश बोलायला हवे, एवढे सांगतात.