एकाच छपराखाली चार चुली: मालवणी घर आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज

मालवण-कुडाळच्या फ्लॅटच्या जाहिराती तुमच्याही रील्समध्ये येत असतील. खाली पार्किंग, वर चार मजले, आवारात पेव्हर ब्लॉक. फोटोवरून इमारत मालवणची की पनवेलची, ते कळत नाही. मग किनाऱ्यावर अनेक कुटुंबांनी एकत्र राहायचं तर घर कसं असावं?

उत्तराचा अर्धा भाग जुन्या घरात आहे. मालवणी घर एकदम बांधून संपत नाही, ते वाढतं. आधी माजघर, पुढे पडवी, मुलाच्या लग्नाला बाजूला आणखी एक खोली. भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते, छप्पर तेच राहतं. खळं एक, विहीर एक, गणपती एक. म्हणजे ही चार युनिटची सोसायटीच, फक्त भांडायला व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हता.

भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा, जवळच्याच खाणीतला. काढताना मऊ, हवा लागली की टणक. उतरत्या कौलांची पागोळी भिंतीपासून लांब पडते. खळ्यात मातीच असल्याने पाणी मुरतं आणि न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं. उणिवाही आहेत. दर पावसाळ्याआधी कौलं परतावी लागतात, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या कित्येक घरांची छपरं उडाली. तेव्हा जुनं जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नाही.

उरलेला अर्धा भाग नवी मुंबईत आहे. १९८० च्या दशकात सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला सुमारे सहा हेक्टरवर साधारण ५५० कुटुंबांची वसाहत आखली. तेच आर्टिस्ट व्हिलेज. सात घरं आणि मधे ८ बाय ८ मीटरचा चौक; असे तीन गट मिळून २१ घरांचा मोठा चौक. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जमेल तेव्हा त्यानं घर वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की अनेक मूळ घरं पाडून तिथे काँक्रीटचे बंगले उभे राहिले. काही जण याला अपयश म्हणतात. मला नाही वाटत. घरं बदलली तरी चौकांची मांडणी अजून ओळखू येते.

हीच मांडणी देवबाग-तारकर्लीत आणली तर चौकाच्या जागी खळं येईल, बस्स. पण तिथे अडचण नकाशाची नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार दाट वस्ती नसलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम जवळपास बंद आहे. असलेलं अधिकृत घर मात्र जुन्या जोत्याच्या आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेत दुरुस्त करता येतं किंवा पुन्हा बांधता येतं. म्हणजे किनाऱ्यालगत खरी संधी जुन्या घरालाच आहे.

आणि तेच बंद असतं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस बारा, त्यातले नऊ मुंबईत. एकाची सही राहिली तरी काम अडतं, कौलं फुटतात, पाणी माजघरात येतं, शेवटी कंटाळून जागा विकली जाते. सगळे वारस एकत्र भेटतात ते चतुर्थीलाच. तेव्हा आरतीनंतर निदान सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, काढून बघा. घर कधीपासून आणि किती जोत्यावर उभं आहे, हे दाखवायला पहिले लागतात ते हेच कागद.