कापरासारखं उडणारं आयोडीन

आजचा भाग ट्रॉम्बेचा आहे. पण अणुभट्टीपेक्षा मला तिथून निघालेल्या एका औषधाबद्दल आणि ते हाताळणाऱ्यांच्या गळ्याबद्दल बोलायचंय.

4 ऑगस्ट 1956 ला ट्रॉम्बेत अप्सरा सुरू झाली, 1960 मध्ये सायरस. किरणोत्सारी समस्थानिकं देशातच बनू लागली. 1963 मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थायरॉइडच्या रुग्णांसाठी आयोडीन-131 वापरलं जाऊ लागलं. थायरॉइड ग्रंथी आयोडीन स्वतःकडे ओढते, त्यामुळे औषध नेमक्या जागी पोचतं. पण ग्रंथी रुग्णाची की बाटली उघडणाऱ्याची, हे आयोडीनला कुठे कळतं?

सांडलेलं पुसता येतं, हवेत गेलेलं नाही. ते श्वासातून आत जातं. कापूर उडू नये म्हणून आमच्या तळेघरला डबीत मिरे टाकतात. इथले मिरे म्हणजे अल्कली. द्रावणात आम्ल पडलं की आयोडाइडचं आयोडीन होऊन उडू लागतं, म्हणून द्रावण अल्कधर्मी ठेवतात. सांडलं तर आधी सोडियम थायोसल्फेट ओततात. गंमत म्हणजे आयोडीन-131 बनवताना हाच उडण्याचा गुण कामी येतो. अणुभट्टीतून काढलेलं टेल्युरियम तापवलं की आयोडीन वाफ होऊन सुटतं, आणि ते अल्कलीत पकडतात.

दुसरा पहारा हवेवर. काम फ्यूम हूडमध्येच करायचं, म्हणजे हवा माणसाकडून आत ओढली जाते. पण बाहेर जाताना तिला काय अडवतं? ऑक्टोबर 1957 मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागली. चिमणीवरच्या गाळण्यांनी बरेचसे कण अडवले, आयोडीन मात्र निसटलं. सुमारे 500 चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून द्यावं लागलं. धूळ अडवणारी गाळणी वायू अडवत नाही. त्याला सक्रिय कोळसा लागतो.

तिसरा पहारा माणसावर. गळ्यासमोर डिटेक्टर धरून मोजणी करतात. ती वेळेवरच हवी, कारण आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं. 16 दिवस उशीर केला तर चौथा हिस्साही उरत नाही. आकडा छोटा दिसतो, पण ग्रंथीला बसायचा तो मार बसून गेलेला असतो. म्हणून मला वाटतं, यातला सगळ्यात मोठा पहारेकरी कॅलेंडरच आहे.

भेटू पुढच्या भागात!