माळ्यावरचीं दप्तरें

पितृपक्ष सरत आला, पावसाची झड ओसरली आणि अंगणांतील शेवाळ वाळूं लागलें, म्हणजे आपल्याकडील घराघरांतून दरसाल एक लहानसा प्रलय होत असे. पुष्कळ ठिकाणीं तो अजूनहि होतो. देशावर त्यास 'दसरा काढणें' असें म्हणतात. घट बसण्याच्या आंत घरांतील एकूणएक गोधडी, वाकळ व पासोडी नदीवर जाऊन धुवून आली पाहिजे. तांब्यापितळेचीं भांडीं चिंच लावून लखलखलीं पाहिजेत. भिंतींस पांढरी माती, जमिनीस शेण, तुळयांस कुंचा. उतरंडीचीं मडकीं एकेक करून खालीं येऊन पुन्हां एकेक वर गेलीं पाहिजेत. ज्या गृहिणी वर्षभर सर्वांच्या मागून जेवीत, त्यांचें त्या आठ-दहा दिवसांत घरावर निरंकुश राज्य असे, आणि घरचा कर्ता पुरुष पानसुपारीचा डबा घेऊन ओसरीच्या एका कोपऱ्यांत, तेथूनहि आपण उठविले जाऊं या धास्तीनें, बसून राही.

हीच घरझाड युरोपांत वसंतऋतूंत होते. तेथें हिंवाळाभर दारेंखिडक्या लावून शेगड्या पेटविलेल्या असत. त्या काजळीचा हिशेब वसंतांत चुकता करावा लागे. इराणांत नवरोजापूर्वीं जी साफसफाई करितात तिला 'खाने-तकानी', म्हणजे 'घर झटकणें', असें समर्पक नांव आहे. यहुदी कुटुंबांत वल्हांडण सणापूर्वीं खमिराचा कण न् कण शोधून घराबाहेर काढितात. आपला शत्रु काजळी नव्हे, ओल. चार महिने मुरलेली ओल, बुरशी, कसर आणि वाळवी यांचा समाचार वैशाखांत घेऊन काय उपयोग? म्हणून आपली झाडलोट शरदांत आली आणि नवरात्र-दिवाळीच्या आश्रयानें धर्मकृत्य होऊन बसली. धर्मशास्त्रकारांनीं तर लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीं स्त्रियांनीं सुपें व डिंडिम वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालवावें, असा विधिच सांगितला आहे.

अलक्ष्मी कोणती हें ठरविण्याचें काम मात्र शास्त्रकारांनीं ज्याच्या त्याच्यावर सोंपविलें. त्या निवाड्यांत महाराष्ट्राच्या इतिहासाचें जें नुकसान झालें, तें लढायांत व आगींत झालेल्या नुकसानीहून लहान नसावें, अशी माझी समजूत आहे. शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला हें आपण शाळेंत शिकतों. पण गांवोगांवच्या माळ्यांवरून जीं दप्तरें खालीं आलीं तीं पुन्हां वर गेलीं नाहींत, याची बखर कोणीं लिहिली नाहीं.

वस्तुतः जुन्या घरांत कांहीं टाकून देण्याची रीतच नव्हती. लुगडें विटलें कीं त्याची गोधडी होई, गोधडी विरली कीं पोतेरें होई, आणि पोतेऱ्याच्या चिंधीसहि शेवटीं चुलीजवळ कांहीं उद्योग मिळे. फुटकें भांडें कासाराकडे मोडींत जाई. जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यांत भांडें देणारी बोहारीण दारीं येई, आणि तिच्याशीं घासाघीस करण्यांत दुपार कशी जाई तें कळत नसे. अशा घरांत कागदासारखी टिकाऊ वस्तु वायां जाईल हें संभवत नाहीं. आणि ती वायां गेलीहि नाहीं. गेलें तें तिच्यावरील लिखाण.

तो कागद आजच्यासारखा ठिसूळ नव्हता. जुन्नरी, दौलताबादी असा हातकागद. त्यावर काजळाच्या शाईनें, बोरूनें, मोडी लिपींत लिहिलेलें. कुळकर्णी, देशमुख, इनामदार, सावकार अशा प्रत्येक घरीं या कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडांत बांधून ठेवीत. त्या कापडावरून गठ्ठ्यांसच 'रुमाल' म्हणत आणि सर्व रुमाल मिळून दप्तर होई. दप्तर हें घराचें शस्त्र होतें. भाऊबंदकीचा तंटा असो, शिवेचा असो वा मानपानाचा असो, ज्याच्या रुमालांत महजर निघे तो जिंके.

या शस्त्राची धार इंग्रजी अमलांत एकदां फार तीक्ष्ण झाली आणि मग कायमची बोथट झाली. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनींस पुरावा काय, असा प्रश्न घरोघर विचारला जाऊं लागला. ज्यांना सनद दाखवितां आली नाहीं त्यांच्या इनामांवर गदा आली. त्या दहा-बारा वर्षांत माणसें कागदाला दागिन्याप्रमाणें जपूं लागलीं. पुष्कळांनीं परक्या डोळ्यांस दिसूं नयेत म्हणून ते लपवूनहि ठेविले असतील. पुढें १८६३ सालीं दोन कायदे होऊन कांहीं ठराविक रक्कम भरली कीं इनाम कायम, अशी सरसकट तडजोड निघाली. कागदाची गरज तेथेंच संपली. जो रुमाल काल देवघराशेजारीं होता तो आज माळ्यावर गेला, आणि माळ्यावर गेलेल्या वस्तूची पुढची यात्रा कोणत्या दिशेनें होते हें गृहस्थाश्रमी वाचकांस सांगावयास नको.

त्यांत लिपीनेंहि दगा दिला. छापखाने बाळबोध, शाळांतील पुस्तकें बाळबोध. मोडी वाचणारी पिढी म्हातारी होत चालली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती लिपी शाळेंतून व कचेऱ्यांतून उठलीच. नातवाला आजोबांचें अक्षर वाचतां येईनासें झालें. जें वाचतां येत नाहीं त्याला माणूस दोनच गोष्टी समजतो, मंत्र किंवा कचरा. पोथी देवनागरी असे, म्हणून ती जीर्ण झाली तरी हात जोडून नदींत सोडीत. मोडी रुमालाच्या वांट्यास तेवढाहि मान आला नाहीं. तो वाण्याकडे पुड्या बांधावयास गेला, बंबांत गेला, किंवा भिजवून कुटला गेला.

येथें एक अन्याय दूर केला पाहिजे. "बायकांनीं दसरा काढतांना जाळले" असें वाक्य जुन्या घराण्यांतील पुरुषांच्या तोंडून मीं अनेकदां ऐकिलें आहे. माळा झाडणें हें स्त्रियांचें काम, हें खरें. पण त्यांना मोडी शिकविलें कोणीं होतें? रद्दी तोलून देणारा आणि पैसे कनवटीस लावणारा घरांतील पुरुषच असे.

कागद नाहींसे करणें हें नेहमींच पाप असतें असेंहि नाहीं. तुकोबारायांच्या चरित्रांत परंपरेनें सांगितलेली एक गोष्ट आहे. वाडवडिलांच्या सावकारीचीं खतें घरांत होतीं. धाकट्या भावाचा निम्मा वांटा त्याच्या हवालीं करून तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास त्या खतांचा आज केवढा उपयोग झाला असता! पण ऋणको कुणब्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या घराची याहून निर्मळ झाडलोट झाली नसेल. पुढें १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं व मग आसपासच्या मुलखांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठलीं, तेव्हां त्यांचा मुख्य रोख खतपत्रांवर होता. माणसांस इजा करण्यापेक्षां कागदांची होळी करणें त्यांना अगत्याचें वाटलें. चार वर्षांनीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. इतिहासाच्या साधनांसाठीं हळहळणाऱ्या माझ्यासारख्यानें हें स्मरणांत ठेवावें कीं, जतन केलेला प्रत्येक कागद कोणाच्या तरी मानेवर बसलेला असूं शकतो.

माळ्याविरुद्ध उलट दिशेनें झालेली चढाई म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांची. वाईस मिळालेल्या कागदांवरून त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. पानिपतच्या मोहिमेविषयीं ग्रँट डफच्या ग्रंथावर विसंबलेल्या वाचकांस त्या मोहिमेंतील माणसांचीं स्वतःचीं पत्रें प्रथमच वाचावयास मिळालीं. त्यानंतर १९२६ च्या अखेरीस धुळें येथें देह ठेवीपर्यंत हा माणूस गांवोगांव हिंडत राहिला; त्यांतून साधनांचे बावीस खंड झाले. लोक त्यांच्या विद्वत्तेचें कौतुक करितात. मला त्यांच्या चिकाटीचें अधिक वाटतें. परक्या घरीं जाऊन "तुमच्या माळ्यावर काय आहे तें पाहूं द्या" असें म्हणण्यास केवढें धैर्य लागत असेल! इनाम कमिशनाची आठवण ज्यांच्या घरांत ताजी होती त्यांना हा विचित्र स्वभावाचा, हातानें शिजवून खाणारा ब्राह्मण सरकारचा हेर वाटला असेल किंवा भाऊबंदांचा वकील. एरवीं अडगळ असलेला रुमाल, दुसऱ्यानें मागितला कीं एकदम अमोल होतो, हा मनुष्यस्वभावहि त्यांच्या आड आलाच असणार.

त्याच सुमारास मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या कागदांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढीत होते. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मेणवलीचें नाना फडणिसांचें दप्तर मिळविलें. राजवाड्यांनीं खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्यानें १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तें महाराष्ट्राचा सामायिक माळाच म्हणावा. सरकारी पेशवे दप्तरांतील तीस हजारांहून अधिक रुमालांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या थोड्या अवधींत पंचेचाळीस भाग छापून काढिले, तेहि या कामाचेंच पुढचें पाऊल. या सर्वांनीं राजकारणाचे कागद आधीं उचलले, यांत नवल नाहीं. गुजराथेंत फौज किती गेली हें प्रथम पाहिजे असतें. मुंजींत तूप किती लागलें हें मागाहून. पण तूप किती लागलें याचे कागद त्या 'मागाहून'ची वाट पाहत राहिले नाहींत.

त्यांचें मोल काय झालें असतें याचा अंदाज कैरोजवळील फुस्तात येथील एका कोठीवरून येतो. तेथील बेन एझ्रा नांवाच्या यहुदी प्रार्थनामंदिरांत टाकाऊ कागदांची एक बंद जागा होती. परमेश्वराचें नांव ज्यावर असेल तो कागद फेंकूं नये, हा त्यांचा नियम. व्यवहारांत मात्र इब्री अक्षर दिसलें कीं कागद त्या कोठींत जाई. आठ-नऊशें वर्षें ही भर पडत गेली. १८९० च्या सुमारास मंदिर पाडून नव्यानें बांधलें, आणि तेथील पानें जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे दिसूं लागलीं. १८९६ सालीं दोन विदुषी जुळ्या बहिणींनीं विकत आणलेलें एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर या पंडितास दाखविलें, तेव्हां तो तडक कैरोस गेला आणि सुमारें एक लाख नव्वद हजार तुकडे घेऊन परतला. त्यांत धर्मग्रंथ होते तसेच किराण्याचे हिशेब, नवरीच्या रुखवताच्या याद्या, रुसव्याफुगव्याचीं पत्रेंहि होतीं. बाराव्या शतकांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूर येथें राहून व्यापार करणारा अब्राहम बेन यिजू त्या रद्दींतूनच जगास कळला. एडनचे मित्र त्यास लिहावयास कागद भेट पाठवीत आणि तो जुन्या पत्रांच्या पाठीवर आपले हिशेब मांडी. एवढा बारीक तपशील त्या शतकांतील एखाद्या कोंकणच्या व्यापाऱ्याविषयीं आपणांस ठाऊक असता तर!

म्हणून सर्वच घरांनीं सर्वच कागद सांठवावे काय? मला तसें वाटत नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत माळा किती असणार, आणि वाळवीस इतिहासाची गोडी आपल्याहून अधिक असते. परंतु टाकण्यापूर्वीं वाचून घेणाऱ्याला बोलावणें एवढें तर होण्यासारखें आहे. पुण्यांत व इतरत्र मोडी शिकविणारे वर्ग चालतात. तेथील विद्यार्थी सरावासाठीं कागद शोधीत असतात.

माझ्या आजीजवळ एक टोपली होती. जुने कागद आठ दिवस भिजत घालून, वाटलेल्या मेथ्या मिसळून, तो लगदा कुटून पालथ्या घागरीवर थापीत व उन्हांत वाळवीत. अशा टोपल्या पूर्वीं घरोघर असत. आजीनें तिला बाहेरून खळीनें कागदाचे तुकडे चिकटवून वर तेलाचा हात फिरविला होता. लहानपणीं त्यावरील काळ्या ओळी मला वेलबुट्टी वाटत. पुढें पुष्कळ वर्षांनीं थोडें मोडी आलें, तेव्हां मीं ती टोपली खिडकीपाशीं नेऊन पाहिली. तळाशीं एका तुकड्यावर 'बाकी येणें' एवढीं दोन अक्षरें लागलीं. कोणाकडून आणि किती, तें लगद्यांत गेलें. टोपली अजून धड आहे. तींत हल्लीं लसूण ठेवितों.