बांधिलेली नौका

मराठींत होडी आपण 'करीत' नाहीं, 'बांधतों'. घर आणि पूलहि आपण बांधतोंच, तेव्हां या एका क्रियापदावर मोठ्या सिद्धान्ताचा भार घालणें योग्य होणार नाहीं. तरी पण हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर एके काळीं फळीला फळी काथ्याच्या दोरीनें शिवून जहाजें तयार होत असत, ही गोष्ट ध्यानीं घेतली म्हणजे तो शब्द नुसता अलंकार उरत नाहीं. आमच्या पूर्व किनाऱ्यावरील तमिळ कोळ्यांचा शब्द याहूनहि स्पष्ट आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणें आणि 'मरम्' म्हणजे लांकूड. ओंडके एकमेकांस बांधून केलेला तराफा तो 'कट्टुमरम्'. सतराव्या शतकांत हा शब्द इंग्रज खलाशांच्या तोंडीं बसला, आणि पुढें त्याचा 'कॅटामरान' होऊन तो एका निराळ्याच वस्तूस, म्हणजे दोन सडपातळ होड्या आडव्या तुळयांनीं जोडून केलेल्या नौकेस, चिकटला. नांव तमिळ, वस्तु पॅसिफिक महासागराची! या विजोड लग्नाच्या संततींतील एका धाकट्या नौकेची हकीगत येथें सांगावयाची आहे. ज्याच्याजवळ कारखाना नाहीं आणि फारसें द्रव्यहि नाहीं अशा गृहस्थानें ती आपल्या परसांत बांधावी, मोटारीमागच्या गाड्यावर घालून समुद्रापर्यंत न्यावी, आणि तिच्यांतच राहून आठ-पंधरा दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडावें, अशी ती आहे.

जोडनौकेचें खरें माहेर पॉलिनेशिया. हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट या तीन टोंकांमधील अफाट जलप्रदेश तेथील लोकांनीं अशाच नौकांच्या आधारें वसविला. अठराव्या शतकांत युरोपीय दर्यावर्दी तेथें पोंचले तेव्हां त्यांनीं या नौकांचीं चित्रें काढिलीं आणि त्यांच्या वेगाची वाखाणणीहि केली. पण आपल्या बंदरांत त्यांस जागा दिली नाहीं. युरोपांत कोणी प्रयत्न केलाच नव्हता असें नाहीं. सर विल्यम पेटी यानें १६६२ पासून डब्लिन येथें दोन तळांचीं जहाजें बांधून पाहिलीं होतीं; त्यांतील एक वादळांत बुडालें आणि तो उद्योग थंडावला. पुढें १८७६ सालीं अमेरिकेंत नथॅनिएल हेरेशॉफ यानें 'ॲमॅरिलिस' ही जोडनौका न्यूयॉर्कच्या शर्यतींत उतरविली. तिनें भल्या भल्या नौकांस मागें टाकिलें. हरलेल्यांनीं तक्रार केली, आणि ही त्या वर्गांतील नौकाच नव्हे असें ठरून ती बाद झाली. हेरेशॉफनें होड्या व तुळया यांच्या सांध्यांस थोडी हालचाल मुद्दाम ठेविली होती. ही खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती उपयोगी पडेल.

या उपेक्षेस मोठा धक्का दिला तो एरिक द बिशॉप या फ्रेंच खलाशानें. हवाई बेटांत बांधिलेल्या 'कैमिलोआ' या जोडनौकेतून तो व त्याचा एक सोबती १९३७ सालीं निघाले, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून १९३८ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथें पोंचले. या सफरीचें पुस्तक मँचेस्टरच्या एका तरुणाच्या हातीं पडलें. त्याचें नांव जेम्स व्हॅरम. जन्म १९२८ चा. पॉलिनेशियन लोक बेटांवर आले कसे, हा वाद त्या काळीं जोरांत होता. थॉर हायर्डालनें १९४७ सालीं पेरूहून तराफा सोडून, ते दक्षिण अमेरिकेहून प्रवाहाबरोबर आले असावेत असें मत मांडिलें होतें. जोडनौकेंतून हेतुपूर्वक हजारों मैल जाणें त्यांस शक्य होतें, हें पुष्कळांस पटत नव्हतें. व्हॅरमनें या वादांत लेखणीऐवजीं करवत हातीं घेतली. साडेतेवीस फूट लांबीची 'तांगारोआ' त्यानें बांधिली, आणि १९५५ च्या सप्टेंबरांत रूथ व युट्टा या दोन जर्मन तरुणींस बरोबर घेऊन इंग्लंडच्या फाल्मथ बंदरांतून तो निघाला. १९५६ सालीं ते तिघे अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोंचले. तेथें त्यांनीं चाळीस फुटांची 'रोंगो' बांधिली, आणि १९५९ सालीं न्यूयॉर्कहून उत्तर अटलांटिकवरून ते परत आले. पश्चिमेकडून पूर्वेकडे तो महासागर ओलांडणारी ही पहिली जोडनौका होय.

आतां सांध्याचा विचार करूं. लाट तिरपी आली म्हणजे एका होडीचें नाक उचललें जातें, तर दुसरीचें खालीं बसतें, आणि सगळ्या बांधणीस पीळ पडतो. सांधा ताठ असेल तर तो पीळ त्या बोटभर जागेंत एकवटतो व तेथेंच तडा जातो. तडा जाऊं नये म्हणून लांकूड जाड करावें, तर वजन वाढतें. आणि वजन वाढलें कीं भारहि वाढतो. दोरीनें आवळलेला सांधा मात्र किंचित् ढळतो आणि पुन्हा जागेवर येतो. शिवाय झिजलेली दोरी डोळ्यांस दिसते. लांकडाच्या पोटांत गंजलेला बोल्ट दिसत नाहीं. व्हॅरमच्या आरंभींच्या आराखड्यांत बोल्टांचा उपयोग असे. पुढें त्याची डच सहकारी हानेके बून हिच्यासह त्यानें जी 'टिकी' मालिका काढिली, तींत तुळया सरळ दोरीनेंच बांधिल्या. हेरेशॉफनें जें यंत्राच्या सांध्यानें साधूं पाहिलें, तें बेटांवरचे लोक नारळाच्या काथ्यानें कधींच साधून बसले होते.

या मालिकेंतील 'टिकी २१' ही आमच्या विषयाची नायिका. १९८२ सालीं 'क्रूझिंग वर्ल्ड' या अमेरिकन मासिकानें गाड्यावरून नेतां येईल अशा, उथळ पाण्यांत हिंडणाऱ्या नौकेच्या आराखड्यांची स्पर्धा ठेविली होती. ती हिनें जिंकिली. लांबी २१ फूट, रुंदी सुमारें १२ फूट, वजन सुमारें ३६० किलो, आणि पाण्याखालीं बुडणारा भाग अवघा १४ इंच. १२ फूट रुंदीची वस्तु रस्त्यावरून न्यावी कशी? उत्तर त्या दोरींतच आहे. तिन्ही तुळयांच्या दोऱ्या सोडल्या कीं दोन होड्या वेगळ्या होतात आणि गाड्यावर शेजारीं शेजारीं मावतात. समुद्रकांठीं त्या पुन्हा बांधावयाच्या. जें बंधन तिला लाटेंत तारतें, तेंच सुटून तिला रस्त्यावर वाट मिळतें.

बांधणीहि तशीच सोपी. सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या फळ्या नकाशाप्रमाणें कापावयाच्या, कडांना भोकें पाडून त्या तांब्याच्या तारेनें एकमेकींस टांचावयाच्या, आणि आंतून इपॉक्सी राळेचा भराव घालून सांधा पक्का करावयाचा. शिवलेल्या जहाजाचीच ही नवी तऱ्हा! एकंदर काम सुमारें ४०० तासांचें. आठवड्यास आठ तास दिले तर पन्नास आठवडे, म्हणजे नोकरी संभाळून जवळ जवळ एक वर्ष. १९६५ च्या सुमारास व्हॅरमनें नकाशे विकण्यास आरंभ केला. पुढें त्याच्या सर्व आराखड्यांचे मिळून दहा हजारांहून अधिक संच विकले गेल्याचें त्याच्या संस्थेचें सांगणें आहे. तयार नौका विकून तो कदाचित् श्रीमंत झाला असता. नकाशे विकून त्यानें पुष्कळांस सुतार केलें.

या नौकेचे दोष लपविण्याचें कारण नाहीं. तिच्या पोटांत माणसास उभें राहतां येत नाहीं. निजावयाचें तें एकेका होडींतील अरुंद बिछान्यावर, आणि बसावयाचें तें उघड्या फलाटावर. सामान बेतानेंच घ्यावें लागतें. फार भरली कीं वेग आणि सुरक्षितता दोन्ही जातात. खालीं खोल पातें नसल्यामुळें वाऱ्याच्या तोंडावर जातांना ती बाजूस कांहींशी घसरते. सांधणें-सोडणें हा पांच मिनिटांचा खेळ नव्हे. प्रत्येक रविवारीं तो करावयाचा झाला तर उत्साह लौकर मावळेल. परंतु रोरी मॅक्डूगल या इंग्रज तरुणानें अशीच एक 'टिकी २१' बांधून १९९१ ते १९९७ या अवधींत पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१० सालीं तीच नौका घेऊन तो एकटा ३४ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला. किनाऱ्यासाठीं काढिलेल्या आराखड्याचा असा उपयोग सर्वांनीं करावा असें नाहीं. पण दोरीच्या सांध्याविषयींची शंका यानंतर उरूं नये.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. परक्यांची विद्या घ्यावी, तिच्या नौकांस त्यांच्याच देवांचीं नांवें द्यावीं आणि नकाशे आपण विकावे, हा कोणता न्याय? व्हॅरमला हें ऋण मान्य होतें. २००८-०९ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, प्राचीन धर्तीच्या दोन जोडनौका घेऊन तो व त्याचे सोबती फिलिपाइन्सहून टिकोपिया व अनुटा या दूरच्या बेटांवर गेले, आणि त्या नौका तेथील लोकांस देऊन आले. डिसेंबर २०२१ मध्यें तो वारला. ऋण सर्व फिटलें असें कोण म्हणेल? पण तें नाकारलें गेलें नाहीं, एवढें खरें.

यावरून आपल्या घरची आठवण होणें अपरिहार्य आहे. कोंकणांत होडीस एका बाजूनें दोन दांड्यांवर ओंडका बांधतात, त्यास उलांडी म्हणतात; म्हणजे समतोलाचें हें तत्त्व आमच्या कोळ्यांस अपरिचित नव्हतें. शिवलेलीं जहाजें तर आपल्या किनाऱ्यांवर शतकानुशतकें चालत होतीं. परंतु भारतीय नौदलासाठीं 'कौंडिन्य' ही शिवलेली नौका गोव्यांत बांधण्याचा प्रसंग आला, तेव्हां प्राचीन नौकेचा एकहि आराखडा उपलब्ध नव्हता. अजिंठ्याच्या भिंतीवर पांचव्या शतकांतील चिताऱ्यानें रंगविलेलें एक जहाज, तेवढाच आधार. केरळच्या कारागिरांच्या बोटांत शिवण्याची कला अजून जिवंत होती, म्हणून तें काम तडीस गेलें आणि मे २०२५ मध्यें ती नौका कारवार येथें नौदलांत दाखल झाली.

बेटांवरची विद्याहि हातांत आणि तोंडांतच होती. मँचेस्टरच्या एका हट्टी माणसानें तिच्यांतील कांहीं भाग सामान्य माणसास वाचतां येईल अशा कागदावर उतरविला, आणि आज ती हजारों परसांत नांदते आहे. आमची विद्या अद्याप थोड्या वृद्ध हातांत आहे. तिचा कागद होण्यापूर्वीं ते हात थकले, तर पुन्हा एकदां भिंतीवरचें चित्र पाहूनच होडी बांधावी लागेल.