सहा व्होल्टची येझदी आणि फॉल्ट काढायची जुनी रीत



आपल्या मलकापूर-कराड पट्ट्यात एखाद्या वस्तीवर अजून जुनी जावा नाहीतर येझदी उभी दिसते. "इंजिन चांगलं हाय, वायरिंगचं लफडं हाय," हे तिच्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. हे लफडं कुठून आलं ते बघू.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली, १९२९ सालची. यानेचेक हे मालकाचं नाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, दोन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडून 'जावा' झालं. १९६१ पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. १९७३ ला येझदी हे नाव आलं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला.

या जुन्या २५० सीसी गाड्यांना ६ व्होल्टची बॅटरी आणि डायनामो. खरी गोम इथंच आहे. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर करंट घेतो, तर ६ व्होल्टवर जवळपास ६. करंट दुप्पट झाला की त्याच खराब जोडावर उष्णता चौपट होते. जोडात अर्धा व्होल्ट गेला तर १२ व्होल्टच्या गाडीला कळतही नाही, ६ व्होल्टचा दिवा मात्र पिवळा पडतो.

त्यात आपला वापर. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी द्यायचं म्हणून पाणंदीनं पहिल्या गिअरमध्ये गाडी न्यायची. कमी फेऱ्यांवर डायनामो पुरेसं चार्जिंग करत नाही, दिवा बॅटरीच खातो. ठिणगीही त्याच बॅटरीवर, त्यामुळं आधी दिवा मंदावतो आणि मग इंजिन मिसिंग करतं. खताची पोती वाहिली की युरियाचा ओलावा तांब्याच्या जोडांवर हिरवी बुरशी धरतो, ते वेगळंच.

ठिणगीची पद्धत तर १९१० च्या सुमाराची, अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांची. पॉइंट उघडला की कॉइलचा करंट तुटतो आणि त्या झटक्यानं प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. झाकण काढलं की सगळं डोळ्यांना दिसतं. म्हणून तर गावोगावचे मिस्त्री एक बल्ब आणि दोन वायरींवर फॉल्ट काढायचे.

त्यांचा क्रम आजही चालतो. पहिली बॅटरी आणि तिची टोकं. मग फ्यूज. मग अर्थिंग: बल्बच्या होल्डरपासून इंजिनला एक सुटी वायर लावा, उजेड वाढला तर दोष अर्थिंगचा. मग हँडलच्या मानेतली वायर, वळवून वळवून तिथंच घासते. दिव्याचं ठीक असून ठिणगी नसेल तर पॉइंट पॉलिश पेपरनं साफ करा, गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा. पॉइंटवरच मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बघा. डायनामोचे कार्बन आणि कटआऊट शेवटी.

यात बहुतेक कामं बिनपैशाची आहेत, आणि नेमकी तीच सोडून आपण आधी नवी कॉइल आणायला पळतो. ती गाडी बनवणारा कारखाना गेला, पॉइंट जाऊन सीडीआय आलं, त्याचं झाकण उघडून काही दिसत नाही. पण जोड, अर्थिंग आणि घासलेली वायर नव्या गाडीतही तशीच आहे. गाडी विकायला काढायच्या आधी एवढं बघून घ्या.