बेरजेच्या चिन्हाची भिंत

उड्डाणपुलावर चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटच्या ठोकळ्यांची उभी भिंत असते. काही ठिकाणी ते ठोकळे चौकोनी असतात, काही ठिकाणी षटकोनी. जुन्या घडणीत मात्र त्यांचा आकार बेरजेच्या चिन्हासारखा असतो आणि प्रत्येक ठोकळा चारी बाजूंच्या शेजाऱ्यांत गुंतलेला दिसतो. हे ठोकळे आतला भराव अडवून उभे आहेत, असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर भराव स्वतःच स्वतःला धरून असतो आणि ठोकळे त्याच्या अंगावरच्या कातडीसारखे असतात. ही गोष्ट उमगायला आणि त्या कातडीला नेमका आकार सापडायला काही वर्षं जावी लागली.

माती दाबाला टिकते, ताणाला टिकत नाही. हे मातीची घरं बांधणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. भिंतीची माती तुडवताना आपल्याकडे तिच्यात गवत, काड, भुसा घालत. बगदादच्या पश्चिमेला अकरकूफ इथे कॅसाइट राजांच्या काळातला, सुमारे 3400 वर्षांपूर्वीचा झिग्गुरात आहे. त्याच्या कच्च्या विटांच्या थरांमध्ये वेताच्या चटया आडव्या अंथरलेल्या आजही दिसतात, आणि वेताचे जाड दोरही आरपार गेलेले आहेत. ज्या शक्तीची मातीला उणीव आहे, ती त्या वेताने पुरवली.

हेच सूत्र आकडेमोडीत बसवून अभियांत्रिकीत आणलं ते आंरी विदाल या फ्रेंच अभियंत्याने. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचे ढीग रचताना मधे पाइनच्या सुयांचे थर घातले की ढीग जास्त उभट राहतो, हे त्याच्या लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात. ती घडली कशीही असो, तिच्यातलं शास्त्र पक्कं आहे. वाळूचे कण सुयांवर घासतात, सुया घर्षणाने जागच्या जागी अडकतात आणि ढिगाला बाहेर सरकू देत नाहीत. विदालने सुयांच्या जागी पोलादी पट्ट्या घातल्या आणि 1963 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. नाव दिलं ‘तेर आर्मे’, म्हणजे बळकट केलेली माती. पहिली भिंत 1965 मध्ये पिरनीज पर्वतात प्रान्येर इथे उभी राहिली. मग 1968-69 मध्ये भूमध्य समुद्राकाठी रोकब्रून ते मांतों या महामार्गावर, घसरत्या डोंगरउतारांवर अशा भिंती बांधल्या गेल्या, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं.

त्या सुरुवातीच्या भिंतींचं तोंड काँक्रीटचं नव्हतं. पातळ पत्र्याच्या, अर्धलंबगोल वाकवलेल्या लांब पन्हळी एकावर एक रचलेल्या असत. कल्पना सुरेख होती. भराव थोडा खचला की पत्र्याची कमान किंचित दबते आणि मातीबरोबर खाली उतरते. पण लांब पन्हळीला वळणावर वाकवणं जड जाई, आणि पत्र्याचं रूप रस्त्याकडेच्या भिंतीला शोभत नसे. 1970 च्या दशकाच्या आरंभी पत्रा गेला आणि काँक्रीटचा ठोकळा आला.

इथे खरा पेच होता. काँक्रीट ताठ असतं, माती खचते. अखंड भिंत ओतली तर ती भेगाळणार. पत्र्याचा लवचीकपणा ताठ वस्तूत आणायचा कसा? उत्तर सांध्यांमध्ये सापडलं. भिंत लहान तुकड्यांची करायची, तुकड्यांमध्ये फट ठेवायची आणि हालचाल फटींवर सोडायची. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठं वाटतं ते हेच.

बेरजेच्या चिन्हासारखा हा ठोकळा साधारण दीड मीटर लांब-रुंद, जाडी 14 ते 18 सेंटीमीटर. 18 सेंटीमीटरचा ठोकळा जवळपास टनभर भरतो, म्हणजे लहान क्रेनने सहज उचलता येतो. शेजारच्या उभ्या रांगा एकमेकींपेक्षा अर्ध्या उंचीने वरखाली. त्यामुळे याच्या उजव्या हातावर शेजाऱ्याचा डावा हात बसतो, त्यावर पुन्हा याच्या वरच्याचा हात. एका हातातून सळई वर आलेली असते आणि दुसऱ्यात तिच्यासाठी नळी असते. सळई नळीत उतरली की ठोकळा पुढे-मागे सरकत नाही, पण थोडा खाली बसू शकतो. आडव्या सांध्यात रबराची उशी ठेवतात. ती नसेल तर काँक्रीटवर काँक्रीट टेकतं आणि कोपरे फुटतात.

आकाराचं दुसरं कारण कामाच्या क्रमात आहे. तळाची रांग एक अर्धा, एक पूर्ण अशी लावतात, म्हणून वरची कड दातेरी होते. मग 75 सेंटीमीटर भराव, प्रत्येकी साडेसदतीस सेंटीमीटरच्या दोन थरांत दाबून घेतलेला. त्यावर पट्ट्या अंथरायच्या, ठोकळ्यातून डोकावणाऱ्या कडीला बोल्टने जोडायच्या आणि दात्यांमध्ये पुढचे ठोकळे बसवायचे. नवा ठोकळा शेजाऱ्यांच्या आधाराने उभा राहतो. टेकू फक्त पहिल्या रांगेला लागतो. ठोकळा आत किंचित कललेला ठेवतात, कारण भराव दाबताना तो बाहेर ढकलला जाऊन ओळंब्यात येतो. तोंडाजवळच्या दीडेक मीटरमध्ये जड रोलर नेत नाहीत, हलकं यंत्रच वापरतात.

पट्टीवरचा सर्वांत जास्त ताण तोंडाशी नसतो, थोडा आत भरावात असतो. तोंडाकडची माती पट्टीला बाहेर ओढते आणि मागची माती तिला घट्ट धरते. म्हणून ठोकळ्यावर येतो तो जवळपासच्या मातीचाच दाब. खोलीवर दाब वाढतो, तेव्हा ठोकळा तोच ठेवून त्याच्यामागच्या पट्ट्यांची संख्या वाढवतात.

अमेरिकेत 1972 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन गॅब्रिएल डोंगरात ही पद्धत पोचली. आपल्याकडे अभियंते तिला ‘आरई वॉल’ म्हणतात. पोलादाच्या जोडीला प्लास्टिकच्या जाळ्या आणि पट्ट्याही आल्या, आणि इंडियन रोड्स काँग्रेसने 2014 मध्ये अशा भिंतींसाठी एसपी-102 ही मार्गदर्शिका काढली.

पावसाळ्यात अशा भिंतीजवळून जाल तर सांध्यांकडे पाहा. त्यांच्यातून पाणी झिरपतं, कारण ते आत साठू नये म्हणून फटी मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यामागे गाळणीचं कापड असतं. पाणी स्वच्छ येत असेल तर कापड आपलं काम करतं आहे. गढूळ येऊ लागलं तर भरावातली बारीक माती निसटते आहे, आणि तिथल्या अभियंत्याला ते त्याच दिवशी कळायला हवं.